चार्ल्स शोभराज: खडे, गुंगीच्या गोळ्या आणि तिहारमधून पलायन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिरीज आणि पिक्चर आल्यापासून आमच्या पुण्यातल्या वाचन ग्रुपमध्ये शोभराजबद्दल, म्हणजे 1970 च्या दशकात परदेशी टुरिस्टांना औषध पाजून लुटणाऱ्या आणि मारणाऱ्या त्या गुन्हेगाराबद्दल, तेच तेच प्रश्न फिरून येतात. विचारणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा एकच चित्र असतं, की हा कुणीतरी अफाट डोक्याचा माणूस आणि बाकी सगळे बावळट. मला हे चित्र अजिबात पटत नाही. त्याने आयुष्यात कुठलीच भिंत फोडली नाही, त्याने माणसं फोडली आणि जी फुटली नाहीत त्यांना औषध पाजलं. खालची उत्तरं वाचताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

हा माणूस मूळचा कुठला? भारतीय का फ्रेंच?

जन्म 6 एप्रिल 1944, सायगाव, म्हणजे आत्ताचं हो ची मिन्ह सिटी. वडील सिंधी, तिथे धंदा करणारे, आई व्हिएतनामी. पुढे आईने एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं, त्यामुळे पोराचं लहानपण अर्धं इंडोचायनात अर्धं फ्रान्समध्ये गेलं आणि नागरिकत्व फ्रेंच मिळालं. 1963 मध्ये घरफोडीसाठी पॅरिसजवळच्या प्वासी जेलमध्ये पहिली शिक्षा भोगली. तिथे कैद्यांना भेटायला येणाऱ्या एका सुखवस्तू स्वयंसेवकाशी ओळख वाढवली आणि त्याच्यामार्फत बाहेरच्या उच्चभ्रू लोकांत शिरकाव करून घेतला. पुढे जे जे केलं त्याची सुरुवात इथेच दिसते, आधी विश्वास मिळवायचा, मग तो वापरायचा.

ज्वेल थीफ म्हणतात, पण खरंच दागिने चोरायचा का?

हो, आणि त्यात तो काही फार यशस्वी नव्हता हे कुणी सांगतच नाही. 1970 मध्ये बायकोला घेऊन फ्रान्समधून निघाला, येताना वाटेत टुरिस्टांना लुबाडत मुंबईला पोचला, इथे चोरीच्या परदेशी गाड्या श्रीमंतांना विकायचा धंदा केला. मग दिल्लीच्या अशोका हॉटेलमधलं दागिन्यांचं दुकान टार्गेट केलं. दुकानाच्या बरोबर वरच्या खोलीत एक परदेशी डान्सर राहत होती, तिला तिच्याच खोलीत ओलीस धरलं आणि फरशीला ड्रिलने भोक पाडून खाली उतरायचं असा प्लॅन. फरशी काही फुटली नाही. शेवटी दुसऱ्या मार्गाने माल हाती लागला, पण तो त्याच्याकडे टिकला नाही तो नाहीच.

म्हणजे बघा, ज्या एका कामात खरोखर काँक्रीटशी गाठ होती तिथे तो हरला. 1971 मध्येच मुंबईत मधुकर झेंडे या मराठी पोलिस अधिकाऱ्याने त्याला पहिल्यांदा पकडलं. हे नाव पुढे परत येणार आहे.

तिहारच्या आधीही पळाला होता ना?

तिहारचं पलायन फेमस झालं, पण माझ्या मते आधीची पलायनंच नीट बघितली पाहिजेत, कारण तिहारला त्याने नवीन काहीच केलं नाही. दिल्लीत अटकेत असताना आजारपणाचं नाटक केलं, हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथून बायकोच्या मदतीने पळाला. लगेच सापडला, पण वडिलांकडून पैसे मागवून जामीन भरला आणि काबूल गाठलं. काबूलमध्ये टुरिस्टांना लुटताना परत आत गेला, परत आजारी पडला, हॉस्पिटलच्या गार्डला औषध पाजलं आणि इराणकडे सटकला, आणि बायको पोरगी मागे सोडून गेला. नंतर सावत्र भावाला जोडीला घेऊन तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये चोऱ्या केल्या, अथेन्सला दोघं पकडले गेले, तिथूनही हा निसटला आणि भाऊ अडकला. त्या भावाला तुर्की पोलिसांच्या ताब्यात दिलं, 18 वर्षांची शिक्षा झाली.

प्रत्येक वेळी हा सुटतो आणि जवळचं कुणीतरी मागे राहतं. याला ज्यांना चतुराई म्हणायचं असेल त्यांनी त्या भावाचा विचार एकदा करावा.

मग खड्यांचा व्यापारी हे काय प्रकरण?

1975 च्या सुमाराला बँकॉकमध्ये अलॅन गोतिए या नावाने फ्लॅट घेऊन राहायला लागला, रत्नांचा व्यापारी म्हणून. सोबत मारी-आंद्रे लक्लेर ही कॅनडाची तरुणी आणि अजय चौधरी नावाचा भारतीय साथीदार.

हे सोंग त्याने का घेतलं असेल हे कळायला थायलंडचा खड्यांचा बाजार थोडा माहीत पाहिजे. तिकडे चांथाबुरीच्या भागात माणिक आणि नीलम पूर्वापार निघतात, त्यामुळे जगभरचे दगड पैलू पाडायला आणि विकायला तिथे येतात. खडा खिशात मावतो, त्याच्यावर किंमत लिहिलेली नसते, सीमा ओलांडताना रोख पैशापेक्षा सोपा, आणि साधा माणूस नुसता बघून खरा-खोटा सांगू शकत नाही. तरुण टुरिस्टाला सांगायचं की इथे स्वस्तात घे, युरोपात नेऊन विक, तुझा प्रवासखर्च निघेल. एवढं ऐकलं की तो आपणहून घरी यायचा. घरी जेवण असायचं, गप्पा असायच्या, फ्रेंच बोलणारं मोठं वर्तुळ असायचं.

ही थाप आजही तिकडे चालते, पुण्यातून थायलंड टूरला जाणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो. टुकटुकवाला आज सरकारी सेल आहे म्हणून एखाद्या दुकानात नेतो आणि राशीचा म्हणून नीलम किंवा माणिक गळ्यात मारतो. घ्यायचाच असेल तर लॅबचं सर्टिफिकेट बघून आपल्या लक्ष्मी रोडवरच्या ओळखीच्या सराफाकडे घ्या, तिथे किमान परत जाऊन भांडता तरी येतं.

एवढी शिकली सवरलेली परदेशी मुलं फसली कशी?

काळ लक्षात घ्या. युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली, काठमांडू असा हिप्पी लोकांचा रस्ता होता, पुढे गोवा किंवा बँकॉक. 1974 पासून आपल्या कोरेगाव पार्कात रजनीश आश्रमामुळे अशीच मुलं यायला लागली, जुन्या पुणेकरांनी ती बघितलेली आहेत, पाठीवर सॅक, ट्रॅव्हलर्स चेक, घरी महिन्यातून एखादं पत्र. मोबाईल नाही, इंटरनेट नाही. असा मुलगा दिसेनासा झाला तर घरच्यांना कळायलाच दोन-तीन महिने जायचे.

शोभराजची पद्धत अशी होती की आधी स्वतःच खाण्यापिण्यात काहीतरी मिसळून माणसाला आजारी पाडायचं, जुलाब उलट्या चालू झाल्या की स्वतःच काळजी घ्यायची, औषध म्हणून आणखी काहीतरी द्यायचं. एक फ्रेंच तरुण तर त्याच्या घरात बरेच दिवस आजारी पडून होता आणि याचे उपकार मानत होता. मग पासपोर्ट आणि चेक काढून घ्यायचे, पासपोर्टवर फोटो बदलायचा, आणि त्या माणसाच्या नावाने पुढचा प्रवास करायचा. बऱ्याच जणांचा जीव गेला. खून किती याचे आकडे लोक वाटेल तसे फेकतात, मी त्यात पडत नाही, कारण आकडा मोठा झाला की तो जणू रेकॉर्ड असल्यासारखा बोलला जातो.

त्याच्या मागावर कोण होतं? पोलिस काय करत होते?

थाई पोलिसांनी 1976 मध्ये त्याला चौकशीला नेलं आणि सोडून दिलं. चिकाटीने मागे लागला तो हर्मन निपेनबर्ग, बँकॉकच्या डच वकिलातीतला एक तरुण अधिकारी. दोन डच टुरिस्ट बेपत्ता असल्याचं पत्र त्याच्याकडे आलं, ते शोधताना तो शोभराजच्या फ्लॅटपर्यंत पोचला. शेजारी राहणाऱ्या एका फ्रेंच जोडप्याने खूप मदत केली, फ्लॅटमध्ये बेपत्ता लोकांच्या वस्तू आणि औषधं सापडली. हे त्याच्या नोकरीच्या कामात बसत नव्हतं, वरिष्ठांना आवडत नव्हतं, तरी त्याने कागद न् कागद जपून ठेवला, आणि ते कागद जवळजवळ तीस वर्षांनी कामाला आले. माझ्या लेखी या सगळ्या गोष्टीत हिरो कुणी असेल तर हा फाईल सांभाळणारा माणूस आणि ते शेजारी.

शेवटी भारतात पकडला कसा?

जुलै 1976, दिल्लीतलं विक्रम हॉटेल. फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका ग्रुपचा गाईड बनून राहिला होता. जुलाब होऊ नयेत म्हणून घ्या असं सांगून सगळ्यांना गोळ्या वाटल्या. खोलीत जाऊन झोपतील मग सामान साफ करू असा हिशोब, पण डोस चुकला आणि पोरं तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, एकामागून एक कोसळायला लागली. ज्यांनी गोळी घेतली नव्हती किंवा जे शुद्धीत होते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनीच त्याला धरून ठेवला. एका फ्रेंच माणसाच्या मृत्यूची केसही त्याच्यावर लागली आणि एकूण 12 वर्षांची शिक्षा होऊन तिहार.

तिहारमध्ये राजासारखा राहायचा हे खरं का?

सुरुवातीला नाही, नंतर हो. आत जाताना शरीरात लपवून खडे नेले होते आणि त्यावर आत सोयी विकत घेतल्या असं सांगितलं जातं. टीव्ही, बाहेरचं चांगलं जेवण, अधिकाऱ्यांच्या खोलीत उठबस, पत्रकारांना मुलाखती हे सगळं होतं. कुणाला कर्ज दे, कुणाचे अर्ज लिहून दे, कुणाची गुपितं लक्षात ठेव, असं करत त्याने जेल आतून पोखरलं. नुसत्या पैशाने हे होत नाही हो, वर्षानुवर्षं एकाच जागी बसून कोण कशाला भुलतो हे बघत बसलं की होतं.

त्याच्या नावाची सुप्रीम कोर्टाची केस आहे असं लॉ करणारी भाची म्हणाली, खरं?

बरोबर म्हणाली. अटकेनंतर त्याला दंडाबेड्या, म्हणजे पायात लोखंडी दांड्याच्या बेड्या, घालून ठेवलं होतं, दिवसरात्र, जवळपास दोन वर्षं. त्याविरुद्ध तो सुप्रीम कोर्टात गेला आणि ती याचिका सुनील बत्रा विरुद्ध दिल्ली प्रशासन या केससोबत ऐकली गेली, 1978 चा निकाल. कोर्टाने सांगितलं की कच्च्या कैद्याला असं अनिश्चित काळ बेडीत ठेवता येणार नाही, कारण पाहिजे, कारण लिहिलं पाहिजे, कैद्याला त्यावर बोलायची संधी पाहिजे. भारतातल्या कैद्यांच्या हक्कांमध्ये हा निकाल फार मोठा आहे, आजही लॉ कॉलेजला शिकवतात. माणूस कसाही असो, निकाल योग्यच होता असं माझं ठाम मत आहे, त्याचा फायदा येरवड्यातल्या साध्या, वकील न परवडणाऱ्या बंद्यालाही होतो.

16 मार्च 1986 ला नक्की काय झालं?

रविवार होता. वाढदिवस असल्याचं निमित्त सांगून मिठाई, फळं वाटली गेली, आणि त्यात झोपेच्या गोळ्या मिसळलेल्या होत्या. त्याचा खरा वाढदिवस तीन आठवड्यांनंतर होता, पण मिठाई हातात आल्यावर तारीख कोण विचारतं. गार्ड खुर्चीत, जमिनीवर, जिथे होते तिथे झोपले. आधीच जेलमधून सुटलेला डेव्हिड हॉल नावाचा एक ब्रिटिश साथीदार मदतीला होता. शोभराज आणि त्याच्यासोबत इतर काही कैदी गेटमधून चालत बाहेर पडले.

भोक नाही, दोर नाही, गोळीबार नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या जेलपैकी एक, आणि किल्ल्या असलेला माणूस पेढा-बर्फी खाऊन आडवा झालेला. दहा वर्षांपूर्वी विक्रम हॉटेलात जे फसलं तेच इथे जमलं, फरक इतकाच की तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं आणि इथे सगळे त्याचे ओळखीचे, काहीजण त्याच्या उपकारातले. अनोळखी माणसाकडून खाऊ नका असं पुणे स्टेशनवर अनाउन्समेंटमध्ये ऐकतो आपण, तिहारमध्ये तर ओळखीच्यानेच दिलं होतं. नंतर जेलचे अधिकारी कर्मचारी सस्पेंड झाले.

मुद्दाम पकडला गेला, म्हणजे थायलंडचा मृत्युदंड टळावा म्हणून, हे खरं आहे का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. हिशोब असा सांगतात: थायलंडमध्ये त्याच्यावर वॉरंट होतं आणि तिथे मृत्युदंड आहे. त्या वॉरंटची मुदत 20 वर्षं. भारतातली शिक्षा संपत आली होती, सुटला असता तर थेट थायलंडला रवानगी. मग पळायचं, सापडायचं, शिक्षा वाढवून घ्यायची आणि 20 वर्षं इथेच काढायची. झालंही तसंच, शिक्षा 10 वर्षांनी वाढली आणि 17 फेब्रुवारी 1997 ला सुटला तोवर थाई वॉरंट निकामी झालं होतं.

माझं मत सांगू का, पळण्यामागे हा हिशोब असणं पूर्ण शक्य आहे, पण गोव्यात आपणच स्वतःला पकडून दिलं हे मला पटत नाही. सापडल्यावर प्रत्येक जण म्हणेल की माझी तीच इच्छा होती. तो तर आयुष्यभर स्वतःची गोष्ट विकत आला, मुलाखतीचे पैसे घेत आला, त्याला हरलेला म्हणून गोष्टीत राहायचंच नव्हतं. आणि आपण त्याचंच म्हणणं पुढे चालवलं तर झेंडे आणि त्यांच्या टीमची मेहनत शून्य होते.

झेंडेंनी कसा पकडला?

मुंबई पोलिसांत इन्स्पेक्टर असलेल्या मधुकर झेंडेंना ही कामगिरी मिळण्याचं कारणच 1971 ची अटक. त्यांनी त्याला समोरून बघितला होता, फोटोत नव्हे. गोव्यात असल्याचा सुगावा लागला, टीम साध्या कपड्यांत तिथे गेली. तेव्हा परदेशी फोन लावायचा म्हणजे सोय असलेली ठिकाणं मोजकीच, पर्वरीचं ओ कोकेरो हॉटेल त्यातलं एक. तिथे येईल असा अंदाज बांधून टीम गिऱ्हाईक बनून बसून राहिली. 6 एप्रिल 1986, पलायनाला 21 दिवस झालेले आणि योगायोगाने त्याचा खरा वाढदिवस. शोभराज आणि हॉल आले, बसले, झेंडेंनी ओळखलं आणि मागून जाऊन घट्ट धरलं. गोळी नाही झाडली. मग गाडीत घालून रस्त्याने मुंबई.

आता त्या हॉटेलात टेबलापाशी बसलेला शोभराजचा पुतळा आहे आणि पुण्याहून गोव्याला जाणारे लोक शेजारी बसून फोटो काढतात. मला हे खरंच खुपतं. ज्यांची मुलं मारली गेली त्यांनी हा फोटो बघितला तर काय वाटेल? फोटोच काढायचा तर झेंडे ज्या टेबलावर वाट बघत बसले असतील त्याचा काढा.

आपल्या येरवड्यातून असं पळता येईल का?

येरवडा 1871 चं, दगडी, भिंती भक्कम आहेत, पण वर सांगितलेलं सगळं वाचल्यावर भिंतीबद्दल प्रश्न पडायला नको. बंदी बाहेर नेला जातो तेव्हा खरी जोखीम असते, कोर्टाची तारीख किंवा हॉस्पिटल. तिथे जेलचा स्टाफ नसतो, पोलिसांचं गार्ड असतं, ड्युट्या बदलत असतात, एकेक वेळी तासन्‌तास वॉर्डाबाहेर बसून राहायचं असतं. ऑक्टोबर 2023 मध्ये ससून हॉस्पिटलमधून ड्रग्ज केसमधला आरोपी पळाला तेव्हा सगळ्या पुण्याने हे बघितलं, कैद्यांच्या वॉर्डात दिवसेंदिवस मुक्काम आणि मग एक दिवस गायब. काही आठवड्यांत सापडला, पोलिस सस्पेंड झाले. काबूल असो नाहीतर पुणे, रस्ता दवाखान्यातूनच जातो.

नुसतं पळण्याला शिक्षा किती असते?

जुन्या भारतीय दंड विधानात कलम 224, कायदेशीर ताब्यातून पळणं, कमाल 2 वर्षं. लोकांना हे फार कमी वाटतं. पण गुन्हा करायच्या हेतूने गुंगीचं औषध किंवा विष देणं हे कलम 328, त्याला 10 वर्षांपर्यंत. म्हणजे कायद्याच्या नजरेतही गेटमधून बाहेर पडण्यापेक्षा मिठाईत गोळी मिसळणं जास्त गंभीर आहे, आणि ते बरोबरच आहे, डोस जास्त झाला तर माणूस उठत नाही. आता भारतीय न्याय संहितेत नंबर बदलले, गुन्हे तेच आहेत.

सुटल्यावर परत नेपाळला का गेला?

1997 ला फ्रान्सला जाऊन आरामात राहत होता, आणि 2003 मध्ये काठमांडूला गेला, जिथे त्याच्यावर 1975 च्या खुनाची केस होती. तिथल्या एका पत्रकाराने रस्त्यात ओळखलं, फोटो पेपरात छापून आला, आणि त्याला यॅक अँड यती हॉटेलच्या कसिनोतून उचललं. का गेला याचं मला तरी एकच उत्तर दिसतं, इतक्या वेळा सुटल्यावर आपल्याला काही होत नाही असं वाटायला लागतं.

इथे निपेनबर्गची फाईल उपयोगी पडली. 1975 च्या डिसेंबरात शोभराज नेपाळमध्ये शिरला होता तो निपेनबर्ग शोधत होता त्या दोन डच टुरिस्टांपैकी, जे दोघंही मारले गेले होते, त्यातल्या तरुणाच्या पासपोर्टवर. त्या नावाने भरलेली कार्डं, त्यावरचं हस्ताक्षर हा पुराव्याचा मोठा भाग होता. तो मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की आपण त्या वेळी नेपाळला आलोच नव्हतो. 2004 मध्ये एका अमेरिकन तरुणीच्या खुनासाठी जन्मठेप झाली, 2010 मध्ये नेपाळच्या सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, आणि 2014 मध्ये तिच्यासोबतच्या कॅनडियन तरुणाच्या खुनातही दोषी ठरला. नेपाळच्या जेलमधून त्याला पळता आलं नाही.

आता कुठे आहे?

डिसेंबर 2022 मध्ये वय आणि तब्येत बघून नेपाळच्या सुप्रीम कोर्टाने सोडायचा आदेश दिला, 23 डिसेंबरला सुटका झाली आणि त्याच दिवशी फ्रान्सला पाठवून दिलं. तेव्हा वय 78.

आणि थायलंडमधल्या खुनांचं काय झालं?

काहीच नाही. तिथे खटला कधी उभाच राहिला नाही, मुदत संपल्यावर वॉरंट गेलं. ज्या दोन डच मुलांमुळे निपेनबर्गने हे सगळं सुरू केलं त्यांच्या खुनासाठी शोभराजला एका दिवसाचीही शिक्षा झालेली नाही.